मुकुटाआधी ओलं फडकं

इदालिना फुर्तादो रंगकामाला आली की आमच्या फॉल रिव्हरमधले टवाळ लोक छत्री शोधतात. रंगारी म्हणजे पट्टी, पॉलिश पेपर आणि ब्रश, अशी सगळ्यांची समजूत. ही बाई आधी पाण्याचा फवारा बाहेर काढते. खरवडायच्या आधी लाकूड भिजवणार, खरवडताना भिजवणार आणि झाल्यावर पुन्हा ओल्या फडक्यानं पुसणार. समुद्रापलीकडच्या बेटांवरून इथं येऊन राहिलेल्या आमच्या लोकांना कुणाला टोपणनाव ठेवल्याशिवाय अन्न पचत नाही, तेव्हा तिचं नाव पडलं ‘ओली इदालिना’. व्हॅनवर आडनाव ठळक रंगवलेलं असलं तरी फोन करणारे ‘ओली आहे का’ असंच विचारतात, आणि ती ‘आहे, कोरडी होतेय’ म्हणून उत्तर देते.

हे गाव कापडगिरण्यांचं. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण कामगारांसाठी बांधलेली तीन मजली लाकडी घरं शंभरी ओलांडून उभी आहेत आणि आम्ही त्यांतच राहतो, मजल्यामागे एक बिऱ्हाड. दर पिढीनं त्या घरांवर रंगाचा एकेक हात चढवला, आणि अठ्ठ्याहत्तर सालापर्यंतच्या रंगात शिसं असायचं. रंग धड चिकटलेला असेल तोवर कुणाचं काही वाकडं करत नाही. पण पोपडे सुटले, किंवा खिडकी वरखाली करताना लाकडावर लाकूड घासलं, की बारीक धूळ पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. रांगत्या पोरांच्या हातांना लागते आणि हातावरून तोंडात जाते.

म्हणून इदालिनाचे नियम. कोरडं घासायचं नाही. जुना रंग ज्योतीनं जाळायचा नाही. खोलीला प्लास्टिकचं दार लावायचं, जमिनीवर प्लास्टिक अंथरून कडेनं चिकटपट्टी मारायची. काम चालू असताना पोरं आणि पोटुशा बायका त्या बाजूला फिरकायच्या नाहीत. जेवायच्या आधी हातच नव्हे, तोंडही धुवायचं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. आणि सगळं झालं की स्वच्छ ओलं पांढरं फडकं जमिनीवर आणि खिडकीच्या फळीवर फिरवून ते तपासणीच्या छापील कार्डावरच्या राखाडी रंगाशी ताडून बघायचं. फडकं त्याहून काळं निघालं तर पुन्हा सगळी पुसापुशी. हे नियम सरकारचे आहेत, पण आमच्या गल्लीत विचाराल तर लोक सांगतील की हे इदालिनाचे आहेत, सरकारनं मागून उचलले.

तिचा बाप सिल्व्हानोही रंगारीच होता. हसऱ्या तोंडाचा, कष्टाळू माणूस. संध्याकाळी तो मिशीवर पांढरी धूळ घेऊन यायचा आणि पोरं धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायची. धाकट्या आमिल्कारला दात येत होते तेव्हा तो उंदरासारखा खिडकीची फळी कुरतडायचा, आणि अख्खं घर हसायचं. त्या रंगाची चव गोड असते हे तेव्हा कुणाला ठाऊक? आमिल्कारला शाळा जमली नाही. आता तो मासळीच्या कारखान्यात खोकी बांधतो, रविवारी बहिणीकडे जेवतो, आणि साध्या गोष्टीही त्याला पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. त्याचं तसं का झालं हे कुणी सिद्ध केलेलं नाही. इदालिनाला सिद्ध करून नकोच आहे. ती खिडक्या भिजवते, आणि त्या कामात ती मनापासून सुखी आहे.

अशा बाईला जगात एकाच माणसापुढे मान खाली घालावी लागते, आणि ते माणूस म्हणजे तिची धर्ममाय देओलिंदा, बाप्तिस्म्याला जिनं तिला हातांत धरलं होतं ती. आमच्यात धर्ममाय दिसली की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं बोलायचं. पन्नाशी उलटली तरी त्यातून सुटका नाही. भर बाजारात, हातात दोन पिशव्या असताना सुद्धा इदालिना थांबून म्हणायची, “माय, आशीर्वाद दे.” आणि देओलिंदा म्हणायची, “देव तुझं भलं करो, पोरी.” हे झालं की मग मासळीचे भाव.

ऐंशीला टेकलेल्या या बाईनं सगळं आयुष्य पडद्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलं. नवरा गेला, मुलगा नॉर्बेर्तो हाताशी राहिला, नात सेलिया लग्न होऊन त्याच घरात राहिली आणि तिला दिनीस झाला. देओलिंदाची एकच इच्छा उरली होती. ईस्टर संपला की सात रविवार आमच्या उत्सव मंडळाचा चांदीचा मुकुट, पवित्र आत्म्याचा मुकुट, घरोघर मुक्कामाला फिरतो. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या पुढच्या खोलीत वेदी मांडतात, आठवडाभर रोज संध्याकाळी सगळी आळी तिथं जपमाळेला जमते आणि गोड पाव खाऊन घरी जाते. देओलिंदा दरवर्षी नाव घालायची, आणि दरवर्षी चिठ्ठी दुसऱ्याची निघायची. गेल्या वर्षी एकदाची तिची निघाली. तिनं मंडळाच्या सभागृहात सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि घरी येऊन पहिल्यांदा कुठं बघितलं असेल तर पुढच्या खोलीच्या खिडक्यांकडे. पोपडे असे सुटले होते की जोरात शिंकलं तरी पडावेत.

नॉर्बेर्तो म्हणाला, मी करतो, एका संध्याकाळचं काम. हे वाक्य त्यानं सगळा हिवाळा म्हटलं. मुकुट यायला आठवडा उरला तेव्हा तो घासायचं विजेचं यंत्र घेऊन आला, आणि नेमकी इदालिना आशीर्वादाला आलेली. तिनं यंत्राची वायर काढली, गुंडाळली, यंत्र उचलून आपल्या व्हॅनमध्ये टाकलं. ते आजही तिच्याकडेच आहे. मग तिनं सांगितलं की काम मी करणार, आणि माझ्या पद्धतीनं करणार. सेलियानं पोराला घेऊन सासूकडे जावं, पुढची खोली बंद राहील, शनिवारी मी सगळं आवरून पुसून खोली ताब्यात देईन, रविवारी मुकुट येईल. देओलिंदानं सगळ्याला मान डोलावली. खोलीच्या दारावर इदालिनानं धोक्याची पाटी लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर पाटीवर कबुतराचं, म्हणजे पवित्र आत्म्याचं चित्र टांगलेलं. देओलिंदा म्हणाली की दारावर धोका लिहिलेला बरा दिसत नाही. तिथंच खरं तर इदालिनानं सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारपर्यंत काम सुरेख झालं. भिजवून, खरवडून, रंगाचे दोन हात देऊन खिडक्या नव्या नवरीसारख्या दिसायला लागल्या. मोठे पोपडे इदालिना रोजच्या रोज उचलून पिशवीत बांधत होती, पण प्लास्टिकवर बारीक धूळ होती. ते शनिवारी ओलं करून, आतल्या बाजूला घड्या घालत उचलायचं होतं.

शनिवारी सकाळी ती बादली घेऊन जिना चढली आणि दारातच थबकली. प्लास्टिकचं दार नव्हतं. जमिनीवरचं प्लास्टिकही नव्हतं. खिडकीखाली खोक्यांची वेदी रचलेली, तिच्यावर पांढरं सॅटिन, सॅटिनवर देओलिंदाच्या आईनं विणलेली लेस. आणि शेजारी केरसुणी घेऊन उभी असलेली देओलिंदा, जिच्या चेहऱ्यावर इतका आनंद इदालिनानं कधी पाहिला नव्हता.

म्हातारीनं सगळं मोठ्या कौतुकानं सांगितलं. पहाटे जाग आली. देव उद्या येणार आणि त्याची खोली प्लास्टिकखाली, हे तिला बघवेना. म्हणून तिनं सगळं सोडवलं, मागच्या गॅलरीत नेऊन चांगलं झटकलं, घडी करून ठेवलं, आणि खोलीचा दोनदा केर काढला. तेवढंच तुझं काम वाचलं, असं वर म्हणाली.

इदालिनानं बादली तिथंच ठेवली. ती तडक मागच्या गॅलरीत गेली. खाली परसात देओलिंदाची केल होती, कोबीच्या जातीची पालेभाजी, उद्याच्या सुपात जायची हिरवीगार पानं, आणि तिच्यावर पांढरट थर. परत येताना तिनं स्वयंपाकघरात म्हातारीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या सपाता बघितल्या. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत म्हातारी किती वेळा गेली असेल याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. दुपारी सेलिया पोराला घेऊन येणार होती, आणि पोर नुकतं रांगायला लागलं होतं.

“माय,” ती म्हणाली, “असं असताना मुकुट या खोलीत येणार नाही.”

देओलिंदाला आधी थट्टा वाटली. मग इदालिनानं समजावून सांगितलं की केरसुणीनं ही धूळ जात नाही, उठते, आणि उठलेली सगळ्या घरात जाऊन बसते. आता घर पहिल्यापासून पुसावं लागेल. उद्यापर्यंत फडकं पांढरं निघालं तर ठीक, नाहीतर मुकुट सभागृहात ठेवायला सांगावं लागेल. आणि ती केल कुणी खायची नाही.

“पवित्र आत्मा येतोय माझ्या घरी,” देओलिंदा म्हणाली. “तो काय तुझं कार्ड बघून येणार?”

“त्याला काही होत नाही गं. दिनीसला होतं.”

“माझ्या आईनं घर झाडलं, मी झाडलं. कोण मेलं?”

“कुणी नाही,” इदालिना म्हणाली. “आमिल्कारही मेला नाही, माय.”

देओलिंदाचा चेहरा क्षणभर उतरला. पण आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट हातातून निसटताना माणूस शहाण्यासारखं वागेल अशी अपेक्षा करू नये. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली. “आज माझ्याकडे आशीर्वाद मागू नकोस,” ती म्हणाली आणि कपडे बदलून, इदालिनानं अडवून धुवायला लावलेले हात झटकत, खालच्या मजल्यावर शेजारणीकडे जाऊन बसली.

इदालिना त्या जिन्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग म्हातारीचा कमी, स्वतःचा जास्त. ज्या बाईला स्वच्छतेचं इतकं वेड, तिच्या घरात केरसुणी मोकळी ठेवली हीच चूक. मग तिनं नॉर्बेर्तोला फोन केला आणि मंडळाचा अध्यक्ष होरासियो याच्या कानावर घालायला सांगितलं. नॉर्बेर्तो म्हणाला, आई जीव देईल. इदालिना म्हणाली, तुझी आई अशी जीव देणाऱ्यातली नाही, तू आधी ती केल उपटून पिशवीत बांध. मग तिनं तोंडाला मास्क लावला आणि कामाला लागली. लेस आणि सॅटिन ओलसर करून, घडी घालून वेगळं बांधलं. भिंतींपासून सुरुवात करून खास गाळणीचा व्हॅक्यूम फिरवला. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, खोलीच्या टोकापासून दाराकडे. स्वयंपाकघरात पहिलं फडकं फिरवलं ते कार्डाहून काळं निघालं. तिनं पुन्हा बादली भरली.

सेलियाला फोन करायचं मात्र या धांदलीत राहून गेलं. ती दुपारी पोराला घेऊन आली. देओलिंदानं त्यांना खालीच अडवलं, पण इदालिना सांगते म्हणून नाही; वर बायको नसलेल्या घरासारखा पसारा पडलाय म्हणून. शेजारणीच्या बैठकीत पोराला खाली सोडलं आणि तिघी इदालिनाच्या नावानं बोटं मोडायला बसल्या. दिनीस रांगत खिडकीपाशी गेला. धरून उभा राहिला, पहिल्यांदाच, आणि शेजारीण टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यानं वाकून खिडकीच्या फळीला हिरड्या लावल्या. तीच जुनी फळी, तेच पोपडे. देओलिंदा या वयात इतकी चपळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. तिनं पोराला उचललं, त्याच्या तोंडात बोट घालून चाचपलं, नळाखाली धरून त्याचं तोंड धुतलं, आणि पोर भोकाड पसरून रडत असताना सेलियाला म्हणाली, आत्ताच्या आत्ता सासूकडे परत जा.

मग ती जिना चढून वर आली. इदालिना गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराचा कोपरा पुसत होती. म्हातारी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

“त्यानं खिडकी चावली,” ती म्हणाली. “खाली. गोड लागल्यासारखं चावत होता.”

इदालिनानं हातातलं काम थांबवलं. पोपडा तोंडात गेला का विचारलं. नाही, लाकूड नुसतं ओलं झालं होतं. तरी सोमवारी डॉक्टरांकडून त्याचं रक्त तपासून घ्यायचं आणि शेजारणीच्या खिडक्या पुढच्या आठवड्यात धरायच्या, असं तिनं सांगितलं. देओलिंदा ऐकत होती. मग म्हणाली, “मलापण तो कागदी झगा दे.”

हाताखालच्या माणसाला जागेवर शिकवायची नियमात मुभा आहे, पण शिकणारं माणूस ऐंशीचं असेल असं नियम करणाऱ्यांच्या मनात आलं नसावं. टोपीसकट पांढऱ्या झग्यात आणि मास्कमध्ये देओलिंदा अशी दिसायला लागली की नॉर्बेर्तो जिन्यात तिला बघून दोन पायऱ्या मागे गेला. इदालिनानं शिकवलं: फडक्याची घडी घालायची, एका बाजूनं एकदाच पुसायचं, बाजू उलटायची, बाजू संपल्या की फडकं पिशवीत. म्हातारीनं एकदा ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. कापडाची घडी तिला कोण शिकवणार? दोघी जमिनीवर शेजारी शेजारी पुसत सरकत राहिल्या. आशीर्वादाचा विषय इदालिनानं काढला नाही, देओलिंदानंही नाही. पण मध्येच म्हातारी म्हणाली की आमिल्कारला उद्या सूप प्यायला आण, आणि बाजारची केल घालावी लागणार म्हणून नावं ठेवू नको म्हणावं.

संध्याकाळी फडकी पांढरी निघायला लागली. स्वयंपाकघर, मधला बोळ, पुढच्या खोलीची जमीन. एक खिडकी, दुसरी खिडकी. राहिली वेदीमागची फळी. तिथलं फडकं काळं नव्हतं, पण पांढरंही म्हणवेना. इदालिनानं ते दिव्याखाली धरलं, कार्ड शेजारी धरलं, आणि मान हलवली. पुन्हा पुसलं. उजेड गेला होता, फळी ओली होती, आणि दमलेल्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर येते, कोरडी झाली की बघू, असं म्हणून ती निघाली. जिन्यात तिचं मन खट्टू झालं. एवढ्या वर्षांत त्या घरातून आशीर्वादाशिवाय ती कधी उतरली नव्हती.

रविवारी ती निळ्या सणाच्या कपड्यांत आली, हातात नव्या फडक्यांची पिशवी आणि मागे नवा शर्ट घातलेला आमिल्कार. देओलिंदा काळ्या रेशमात तयार होती. पहाटे उठून फळी आणखी एकदा पुसली म्हणाली, तू सांगितलंस तशीच, प्रत्येक घडी एकदाच. इदालिनानं पिशवी उघडली, आणि त्याच क्षणी खालून बँडचा आवाज आला. होरासियो आयुष्यात कुठं वेळेवर पोचलेला माणूस नव्हे. नेमका आज मिरवणूक घेऊन लवकर आला. बघता बघता माणसं जिन्यात भरली, झेंडे खाली ठेवले गेले, आणि होरासियो चांदीचा मुकुट थाळीत धरून मधल्या मजल्यावर, उघड्या दारापर्यंत आला.

देओलिंदानं दारात उभं राहून हात वर केला.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी हिला सांगू दे.”

जिन्यात कुजबुज झाली. मुकुटाला कुणी दारात थांबवल्याचं आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. होरासियोनं थाळी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि हळूच विचारलं की कशाची वाट बघायची. देओलिंदानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती इदालिनाला म्हणाली, “खोटं बोलू नकोस, पोरी. माझ्यासाठी नको, आणि त्याच्यासाठी तर नकोच. नसेल तर सभागृहात जाईल तो. मी मागून चालत जाईन.”

इदालिनानं फडकं भिजवलं, पिळलं आणि वेदीमागे हात घालून फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग ती खिडकीच्या उजेडात गेली. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात कार्ड. खाली सेलिया पोराला कडेवर घेऊन वर बघत उभी होती. आपल्याला मनातून काय हवं आहे ते इदालिनाला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं फडकं उलटं करून पुन्हा एकदा बघितलं.

“पांढरं आहे, माय,” ती म्हणाली.

होरासियोनं पाय पुढे टाकला, पण देओलिंदाचा हात अजून वरच होता. ती वळली, खिडकीपाशी चालत गेली, आणि इदालिनाचं तोंड दोन्ही हातांत धरून उभी राहिली. इदालिनानं काहीच मागितलं नव्हतं. तिच्या हातात ते ओलं फडकं तसंच होतं आणि त्याचं पाणी तिच्या निळ्या कपड्यांवर ठिबकत होतं.

“देव तुझं भलं करो, पोरी,” देओलिंदा म्हणाली. “कालचंही आणि आजचंही.”

सगळा जिना माना उंचावून बघत होता. आमिल्कार तेवढा मोठ्यानं हसला, त्याला हसायचं होतं म्हणून.

“आता येऊ का?” होरासियोनं दारातून विचारलं.

“ये की,” देओलिंदा म्हणाली. “बूट काढून ये.”